बल्बखालची पिल्लं

भोपाळच्या भेल वसाहतीत वाढलेली मराठी माणसं कुठल्या लग्नात एकत्र आली, की बोलणं ठरलेल्या वाटेने जातं. आधी कारखान्याचा भोंगा, मग पिपलानीच्या आणि बरखेड्याच्या शाळा, मग कुणाचे बाबा कुठल्या ब्लॉकमध्ये होते. जेवणं होईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे पिल्लं होती का?" पिल्लं म्हणजे कोंबडीची. ज्यांच्याकडे होती ते लगेच खुर्च्या जवळ ओढतात, ज्यांच्याकडे नव्हती ते आइस्क्रीम आणायला उठतात.

आमची घरं मुळात उचलून आणलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत येऊन पडली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली. ६ नोव्हेंबर १९६० ला नेहरूंनी कारखान्याचं उद्घाटन केलं आणि वर्धा, अमरावती, पुणे, इंदूर, ग्वाल्हेर अशा चहूकडून फिटर, ड्राफ्ट्समन, इंजिनिअर गोविंदपुऱ्याकडे आले. १९७४ मध्ये कंपनी भेलमध्ये विलीन झाली, तरी जुनी माणसं शेवटपर्यंत "हेवी"च म्हणत राहिली. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगण. अंगणात आधी पेरू, मग पपई, मग पालक-मेथीचे वाफे आणि वर्षा-दोन वर्षांत कोपऱ्यात खुराडं.

आता मराठी घरात खुराडं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. काही घरांत अंडं उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात येऊ शकत नसे. त्यासाठी मागच्या अंगणात वेगळा रॉकेलचा स्टोव्ह, वेगळं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि अंडं सोलताना आजीकडे पाठ, असा बंदोबस्त असायचा. सत्तरच्या दशकात डॉक्टर मुलांना अंडी द्या म्हणून सांगत आणि आया मुलांच्या हाडांपुढे सोवळ्याला जरा मागे सरकवत. गंमत अशी, की अंड्याला न शिवणारी तीच आजी आजारी पिल्लाला पदरात घेऊन रात्रभर बसायची. खाणं वेगळं आणि जगवणं वेगळं, हा हिशोब त्या पिढीला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

पिल्लं दोन वाटांनी येत. पहिली वाट कोंबडीची. जुन्या शहरातून भेलमध्ये आलेल्या एक खाला आमच्या ओळीत राहायच्या. खुडूक कोंबडी ओळखणं, अंडी दिव्यापुढे धरून आत जीव आहे का बघणं, एकविसाव्या दिवसाची वाट पाहणं, हे सगळं आमच्या आयांनी त्यांच्याकडून उचललं. कोंबडी बसली असेल तर माणसाला काही कामच नसतं. ऊब तीच देते, चोच मारून दाणा तीच दाखवते, मांजर आलं तर अंगावर तीच जाते. दुसरी वाट यंत्राची. सरकारी कुक्कुटपालन केंद्रातून एक दिवसाची पांढरी लेगहॉर्न किंवा तांबडी ऱ्होड आयलंड रेड पिल्लं मिळत. अंडी भरपूर मिळावीत म्हणून लेगहॉर्नची निवड पिढ्यान् पिढ्या अशी केली गेली, की तिची खुडूक बसण्याची सवयच जवळजवळ मोडली. अंडी देणार, पण उबवणार नाही. अशा जातीची आई व्हायला मग दुसरं कुणीतरी लागतं, आणि आमच्याकडे ते काम खोक्याने आणि बल्बने केलं.

हे खोकं करताना बाबा लोकांना जो उत्साह यायचा तो खरंच लिहून ठेवण्यासारखा आहे. दिवसभर महाकाय ट्रान्सफॉर्मर आणि टर्बाइनच्या कामात असलेली माणसं संध्याकाळी साठ वॅटच्या एका बल्बवर वाद घालत. एका पिल्लाला एक ते दोन वॅट हा ढोबळ हिशोब, पण भोपाळच्या जानेवारीत तो पुरतो का? बल्ब किती उंचीवर? टिनाचं झाकण उलटं टांगून ऊब खाली परतवायची का? आमच्या ओळीतल्या एका काकांनी तर लोखंडी साखळीला कड्या करून बल्ब आठवड्या-आठवड्याने एकेक कडी वर चढवायची सोय केली होती. शास्त्र त्यांचं बरोबर होतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी, अंगावर खरी पिसं येईपर्यंत. कोवळ्या लवीला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, त्यामुळे पिल्लू पहिले काही आठवडे बाहेरच्या उबेवरच जगतं.

तापमान मोजायला घरात थर्मामीटर एकच, तापाचा. तो खोक्यात ठेवला जायचा आणि त्यावरून मोठे घोळ व्हायचे. कारण तापाच्या थर्मामीटरचा पारा चढतो, पण झटकल्याशिवाय उतरत नाही. पहाटे पिल्लं गारठलेली आणि पारा आदल्या संध्याकाळच्या अंकावर ठाम. बाबा पाऱ्याकडे बोट दाखवत, आई पिल्लांकडे. शेवटी आईचंच खरं ठरायचं.

कारण आई पिल्लं वाचायची. सगळी बल्बखाली एकावर एक चढून बसली, की थंडी. कडेला पळून, चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत असली, की बल्ब खाली आलाय. सगळी एकाच बाजूला दाटली, की दुसऱ्या बाजूने खिडकीचा वारा येतोय. आणि तांदूळ सांडावेत तशी खोकंभर पसरून, काही खात, काही पीत, काही मान टाकून झोपलेली दिसली, की आपणही झोपायला हरकत नाही. आवाजही तसाच. समाधानी पिल्लांची बारीक कुजबुज सतत चालू असते. टोकदार, उंच, थांबायचं नाव न घेणारी चिवचिव म्हणजे थंडी किंवा भूक किंवा दोन्ही. मध्यरात्री वीज गेली तर पंखा थांबल्याने नव्हे, पिल्लांच्या ओरडण्याने घर जागं व्हायचं. मग सरबताच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवल्या जायच्या. काही घरांत राखेखाली निखारे दाबलेली शेगडी खोलीत आणत. तिच्या विषारी वायूने पिल्लंच काय, बंद खोलीतली माणसंही जाऊ शकतात, हे खाला बजावून सांगत. गरम पाण्याची बाटली केव्हाही बरी.

खोक्याचे कोपरे हा आणखी एक धडा. थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात शिरतात, मागची पुढच्यांवर चढतात आणि खालची गुदमरून जातात. म्हणून पुठ्ठ्याची गोल भिंत करून आत बसवायची. पाण्याच्या बशीत मुलांच्या गोट्या टाकायच्या, म्हणजे पिल्लू चोच बुडवू शकेल पण स्वतः बुडणार नाही. खाली भाताचं तूस. लाकडाचा बारीक भुसा नको, कारण पहिले दोन-तीन दिवस पिल्लांना दाणा आणि भुसा यातला फरक कळत नाही. मग तुसावर वर्तमानपत्र अंथरायचं. त्यावर मक्याचा भरडा टाकला की पिल्लं टकटक करत खातात, पण गुळगुळीत कागदावर पाय घसरून काहींच्या तंगड्या दोन्ही बाजूंना फाकतात आणि ती उभीच राहू शकत नाहीत. कागदावर गोणपाटाचा तुकडा टाकला की हा प्रश्न उरत नाही.

फाकलेल्या पायांचं पिल्लू हा आमच्या घरांतला पहिला रीतसर रुग्ण. त्याच्यावरचा उपाय लोकरीचा. स्वेटर विणून उरलेल्या लोकरीचा धागा दोन्ही पायांना सैल बांधायचा, मध्ये उभं राहता येईल इतकं अंतर ठेवायचं आणि दोन-चार दिवस पाहायचं. पहिल्याच दिवसांत केलं तर बहुतेक पिल्लं सरळ होतात, आठवडा उलटला की काही उपयोग नाही. याला ना डॉक्टर लागला ना औषध, आणि अख्ख्या परसातल्या वैद्यकीत याच्याइतका खात्रीचा इलाज दुसरा नव्हता.

बाकीचे आजार इतके प्रामाणिक नसत. आजारी पिल्लू आधी एकटं पडतं. डोळे मिटून, पिसं फुलवून, पंख खाली सोडून उभं राहतं. दुसरी पिल्लं त्याच्या बोटांना, शेपटीला चोच मारू लागतात, आणि एकदा रक्त दिसलं की सगळी तुटून पडतात. म्हणून पहिलं काम ते वेगळं काढणं. बाटाच्या बुटांचं खोकं ही आमची आजारी खोली. त्यात जुना बनियन, शेजारी गरम पाण्याची बाटली. मग आई फाउंटन पेनात शाई भरायचा ड्रॉपर उकळून घ्यायची आणि गूळपाण्याचा थेंब चोचीच्या कडेला लावायची. चोच उघडून आत ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. थेंब बाहेर लावला की पिल्लू स्वतः गिळतं, आणि गिळण्याइतकी ताकद त्याच्यात नसेल तर पाणी पाजून ती येत नाही. प्रवासात थकून आलेल्या पिल्लांना सुरुवातीला गूळपाणी देण्याची पद्धत आजही आहे. अंड्यातला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून रेल्वेने पाठवता येत.

पार्श्वभागाला विष्ठा चिकटून वाळली, की पिल्लाची वाटच बंद होते आणि ते बघता बघता जातं. कोमट पाण्याचा कापूस धरून, मऊ होईपर्यंत थांबून ते काढायचं, मग खोबरेल तेल. ओढलं तर कातडी फाटते. हे काम आजी करायची. इतक्या बारकाईने आणि इतक्या शिव्या देत केलेली शुश्रूषा आम्ही पुन्हा पाहिली नाही.

आणि मग ताक. पायाची बोटं आत वळून पिल्लू घोट्यांवर रांगायला लागलं, की आजी त्याला ताकाची निवळ द्यायची. बाबा हसायचे. पण बोटं अशी वळण्याचं एक मोठं कारण ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता हे असतं आणि ताकाच्या निवळीत ते असतं. त्याच आजीने खोक्याला काळा दोरा बांधला होता आणि हळदीचं पाणीही पाजलं होतं. त्याचं श्रेय तिला देता येणार नाही. लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, पाण्याला गुलाबी रंग येईल इतकीच घालायची. भांडी स्वच्छ राहत, आजार बरा होत नसे. टेरामायसिनची पूड तर घरोघर अंदाजाने पाण्यात टाकली जाई आणि त्याचा अभिमान बाळगला जाई. आज मागे वळून पाहता त्यातलं बरंचसं आमच्या समाधानासाठी होतं असंच म्हणावं लागतं. जी पिल्लं वाचली ती ऊब, कोरडी जागा आणि वेळेवर वेगळं काढणं यांनी वाचली.

कोरडी जागा हे विशेषतः पावसाळ्यात. भोपाळचा पाऊस लागला की तूस दमट होई आणि तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागे. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओलाव्यात, उबेत रुजायला तयार होतात. औषध मिळत असे, पण रोज तूस उलथवणाऱ्या घरात त्याची गरज क्वचित पडे.

मानमोडीचं मात्र तसं नव्हतं. सरकारी भाषेत राणीखेत. पिल्लाची मान वळते, ते गोल गोल फिरतं, आणि एका आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं. तिला इलाज नाही, फक्त लस. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी पंखाखाली टोचायची दुसरी. मध्य प्रदेशाची पशुलस महूच्या संस्थेत तयार होत असे. अडचण अशी, की कुपी शंभर मात्रांची. पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवायची, नाहीतर वाया. कुणा एका घरात शंभर पिल्लं कुठून असणार? मग अख्खी ओळ एकत्र यायची. मराठी, बंगाली, मल्याळी, सरदार, भोपाळी, सगळ्यांच्या टोपल्या एका व्हरांड्यात. थर्मासमध्ये बर्फात ठेवलेली कुपी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यातले कंपाउंडर येत. मुलांनी पिल्लू धरायचं, त्यांनी थेंब टाकायचा, पिल्लू डोळे मिचकावेपर्यंत थांबायचं, मग ते दुसऱ्या टोपलीत. कुणाचं कुठलं ते ओळखायला पायाला रंगीत धागे. परत नेताना धाग्यांवरून हमखास भांडण व्हायचं, आणि "अरे खां, पिल्लू पिल्लू है, ले जाओ" असं म्हणून खाला ते मिटवायच्या. शाळेत वाचलेली राष्ट्रीय एकात्मता आम्हाला प्रत्यक्षात दिसली ती एवढीच, पण दिसली.

तरी पिल्लं मरायचीच. पेरूच्या मुळाशी किती पुरली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आणि एक कडू गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. पांढऱ्या हगवणीचा एक आजार असा आहे की त्यातून वाचलेलं पिल्लू वरवर धडधाकट कोंबडी होतं, पण जंतू तिच्यात राहतात आणि तिच्या अंड्यांतून पुढच्या पिल्लांत उतरतात. म्हणजे ज्या एकीला आपण शर्थीने वाचवलं, लाडाने नाव दिलं, तिच्यामुळेच पुढचे घाणेच्या घाणे जाऊ शकतात. व्यावसायिक कुक्कुटपालनात दुबळं पिल्लू काढून टाकतात त्याला हेही एक कारण आहे. आमच्या आयांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? मला वाटतं, मान डोलावली असती आणि बाटाचं खोकं बाहेर काढलं असतं.

१९८४ चा डिसेंबर यातून वगळता येत नाही. २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला विषारी वायू जुन्या शहरावर गेला. वारा आमच्या बाजूचा नव्हता, भेलची वस्ती बहुतांशी वाचली. तिकडे हजारो माणसांबरोबर गुरंढोरंही रस्त्यांत पडली होती. खालांचे नातेवाईक तिकडे होते. त्या गेल्या आणि त्यांच्या कोंबड्यांना दाणा आम्ही घातला. त्या कारखान्यात उरलेला वायू निकामी करण्याची मोहीम १६ डिसेंबरला सुरू होणार म्हटल्यावर लाखो लोकांनी शहर सोडलं. नागपूरकडच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या ओळीतल्या एका कुटुंबाने नुकती निघालेली पिल्लं टोपलीत घालून, वर शाल टाकून त्या गर्दीतून नागपूरला नेली. लोकांनी नावं ठेवली. पण घर सोडताना माणूस काय उचलतो, याचा निवाडा करायला तेव्हा कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्यानंतर बरीच खुराडी रिकामी राहिली. कोंबड्या गेल्या, क्वार्टर सुटले, मुलं पुण्याला आणि परदेशी गेली. पुढच्या मुलांनी पिल्लं पाहिली ती टोपलीवाल्याकडची, गुलाबी, हिरवी, जांभळी. अंड्यांच्या जातीतले नर हॅचरीला नको असतात, त्यांतलेच रंगवून तेव्हा रुपया-दोन रुपयांना विकले जात. तहानलेली, गारठलेली, रंगात भिजलेली ती पिल्लं दुसऱ्या दिवशी मरत आणि मुलांना वाटे आपलंच काही चुकलं. बहुतेकांचं मरण टोपलीतच ठरलेलं असे. अलीकडे झाबुआच्या कडकनाथचं कौतुक वाढलंय, २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि हौसेने कडकनाथची पिल्लं आणणाऱ्या भाचे-पुतण्यांचे फोन आम्हाला येतात. प्रश्न तेच असतात, उत्तरात मात्र आता एक भर पडली आहे.

आमच्या पिपलानीजवळच आनंदनगर. तिथे पुढे पशुरोगांची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा उभी राहिली. २०१४ पासून ती स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा तिथले नमुने भोपाळला आले आणि १८ फेब्रुवारीला देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूची घोषणा झाली. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात तो आला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही त्यात होत्या. आपल्यासारख्याच घरांच्या.

म्हणून कडकनाथवाल्या पोरांना आम्ही दोनच गोष्टी सांगतो. एखादं पिल्लू मलूल असेल तर औषधाच्या मागे धावण्याआधी बल्ब खाली घ्या, कोरडं करा, वेगळं ठेवा, आणि पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवा. आमच्यासारखं पांघरुणात घेऊन झोपू नका. पण दोन-तीन दिवसांत बरीच एकदम मेली, तर पुरू नका, फेकू नका, लपवूही नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूचा संशय असलेला नमुना महाराष्ट्रातला असो की केरळातला, पक्की खात्री करायला तो अजूनही भोपाळलाच येतो.